एका पुडीचं अगार

समुद्राचं पाणी उकळायला लागलं की त्याला एक खारट, हिरवा वास सुटतो, आणि तो वास नाकात गेला की काकूंना गुंगी यायची. संस्थेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर कोणी अवाक्षर काढत नसे. जिनं चौतीस वर्षं तळमजल्यावरच्या एकाच खोलीत वाफेत उभं राहून काढली, तिनं दुपारी स्टुलावर बसून दोन मिनिटं डोळे मिटले तर कोणाच्या पोटात दुखावं? शिवाय डोळे मिटले तरी हात चालूच असे. काचेचा दांडा भांड्यात गरगर फिरत राही आणि पूड विरघळली की आपोआप थांबे. मग काकू डोळे उघडत आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघत. सगळ्यांनी पाहिलेलं असे.

त्या खोलीला मीडिया रूम म्हणत. खरं म्हणजे ते जिवाणूंचं स्वयंपाकघर. वरच्या तीन मजल्यांवर समुद्राचा अभ्यास चालायचा. कोणी लाटा मोजी, कोणी मीठ मोजी, पण निम्मी मंडळी समुद्रातले जिवाणू पाळून बसलेली, आणि पाळलं म्हणजे खायला घालणं आलंच. ते खाणं काकूंच्या हातचं. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली अगार नावाची पांढरी पूड काकू समुद्राच्या पाण्यात उकळायच्या, जिवाणूंना रुचेल ते त्यात घालायच्या आणि काचेच्या, झाकणाच्या बसक्या प्लेटांमध्ये ओतायला द्यायच्या. गार झालं की त्याची जेली व्हायची. आणि जेली तरी कशी? उभी धरा, आडवी धरा, पालथी घाला, जागची हलणार नाही. प्लेटा पालथ्याच ठेवायची तिथे रीत होती, झाकणाला धरलेलं पाणी आत टपकू नये म्हणून. काकू नाकावर माशी बसू देत नसत त्या या जेलीच्या जिवावर.

तिसऱ्या मजल्यावरच्या शास्त्रज्ञांपैकी एक होती काकूंची मुलगी, छकुली. एकतीस वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या, दारावर नावाची पितळी पाटी असलेल्या बाईला छकुली म्हणणं शोभत नाही हे मान्य. पण आई तळमजल्यावर काम करत असली की असल्या गोष्टी जिने चढून वर जातातच. शिपाईसुद्धा तिला छकुलीमॅडम म्हणायचा.

छकुलीनं जे जिवाणू पाळले होते ते चमकायचे. समुद्रात असे जिवाणू असतात, अंधारात त्यांना निळसर उजेड असतो. फार नाही. डोळे मिटल्यावर पापणीच्या आत जेवढा उजेड रेंगाळतो, तेवढाच. तळमजल्यावर मीडिया रूमला लागून एक बिनखिडकीची कोठी होती. तिथे छकुली आपल्या काचेच्या नळ्या ठेवायची, आणि भर दुपारी दार लावून घेतलं की त्या अंधारात नळ्यांची रांग निळी निळी दिसायची. काकूंना तिथे जाऊन उभं राहायला आवडायचं. आपण पाण्याखाली आहोत आणि श्वास घ्यायची काही घाई नाही, असं त्यांना वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी छकुलीनं अशा एका नळीत खाडीच्या तोंडाशी भरलेलं पाणी थोडंसं टाकलं. दुसऱ्या दिवशी ती नळी विझलेली. त्या विझलेल्या नळीतला एक थेंब तिनं दुसऱ्या नळीत टाकला. तीही विझली. मग तिसरी, मग चौथी. म्हणजे कोणीतरी या जिवाणूंना खात होतं, आणि खाऊन वाढतही होतं.

यात नवल नाही. माणसाला पछाडणारे विषाणू असतात तसे जिवाणूंनाही असतात, आणि समुद्र तर त्यांनी गच्च भरलेला आहे. पण विषाणू शोधायची जगभर एक रीत आहे. पाणी अतिशय बारीक भोकांच्या फिल्टरमधून गाळायचं. जिवाणू जाडे, ते वर अडकतात. विषाणू चिमुकले, ते खाली उतरतात. खाली आलेलं ठेवायचं, वर राहिलेलं टाकून द्यायचं. छकुलीनं तसं केलं, तर खाली आलेल्या पाण्यानं एकही नळी विझेना! आणि टाकून द्यायचा तो वरचा गाळ नळीत घातला, की नळी विझे. जो कोणी मारेकरी होता, तो फिल्टरच्या वर राहत होता.

तिनं हे बैठकीत सांगितलं तेव्हा हशा पिकला. जे फिल्टरमधून जात नाही ते विषाणू कसं असेल, असं विभागप्रमुख म्हणाले. पुढे हसत हसत असंही म्हणाले की नळ्या नीट धुतल्या जात नसतील, साबण राहत असेल. नळ्या धुण्याचं खातंही काकूंकडेच होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. छकुलीनं वही मिटली.

शेवटी त्यांनी तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. प्लेटवर ठिपके दाखव, नाहीतर हा नाद सोड आणि दुसऱ्या कोणाच्या कामाला लाग. हे ठिपके म्हणजे काय, तर प्लेटमध्ये खाली घट्ट जेली असते, तिच्यावर पातळसर जेलीचा दुसरा थर घालतात आणि त्या थरात जिवाणू आणि संशयित पाणी कालवतात. जिवाणू वाढले की सगळी प्लेट उजळते. पण जिथे विषाणू पडला असेल तिथे त्याची पिल्लावळ आजूबाजूला पसरत जाते, खात जाते, आणि उजेडात एक काळं भोक पडतं. भोक दिसलं की विषाणू आहे हे सिद्ध झालं. छकुलीच्या प्लेटा तीन वर्षं अख्ख्याच्या अख्ख्या उजळत होत्या, सुईच्या टोकाएवढंही भोक नाही.

एका दुपारी ती खाली आली, पालथ्या बादलीवर बसली आणि आईच्या दांड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तो मोठा असणार. असा मोठा की कोणी मनातही आणला नाही. म्हणून फिल्टरमधून जात नाही. आणि म्हणूनच जेलीतून त्याला सरकता येत नाही. जिथे जन्मतो तिथेच अडकून पडतो गं."

काकूंचा दांडा थांबला. पूड अजून विरघळली नव्हती.

वरच्या थराला लिटरमागे सहा ग्रॅम अगार, हे माप पुस्तकातलं. छकुलीनं ते पाचावर आणून पाहिलं होतं, मग चारावर. काही झालं नव्हतं. त्याच्या खाली कोणी जात नाही, कारण थर धरतच नाही, प्लेट पालथी केली की निसटतो. आता कुठवर उतरायचं हेच कळत नाही, हाताशी दिवस अकरा, असं म्हणून ती उठली आणि जिने चढून गेली.

काकूंना माहीत होतं कुठवर उतरायचं. दीड ग्रॅम. चौतीस वर्षांत ज्या बाईनं तोंडातून कधी उगाच शब्द घालवला नाही, तिनं हाही घालवला नाही. तोंडात मूग धरून ती भांड्याकडे बघत राहिली.

त्या दुपारी गुंगी आली ती नेहमीची नव्हती. काकूंना दिसलं की समुद्राची जेली झाली आहे. लाटा उंच उठून तशाच थांबल्यात, त्यांच्यातून उजेड आरपार जातोय, आणि त्या अनवाणी त्यावरून चालताहेत, पाय ओला होत नाही. खाली, बऱ्याच खोल, काहीतरी मोठं आणि गोल अडकलंय. ते हलू बघतंय. आवाज नाही, पण त्याची धडपड तळव्यांना कळतेय. काकूंनी वाकून बघितलं आणि ते काही जनावर नव्हतं, माणूसही नव्हतं, पण ते आपल्या ओळखीचं आहे एवढं त्यांना पक्कं कळलं. जागं झाल्यावर त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. बराच वेळ ते गार होते.

आता तीस वर्षांपूर्वीचं सांगायला हवं, नाहीतर काकूंच्या तोंडातले मूग तुम्हाला कळायचे नाहीत.

तेव्हा मीडिया रूममध्ये दोघी होत्या. एक काकू, तेव्हा नुकत्याच आई झालेल्या, घरी आठ महिन्यांची छकुली, जी रात्रीचा दिवस करायची. दुसरी काटेवाली. तिच्याकडे वजनकाटा होता म्हणून काटेवाली, आणि जीभही तशीच, म्हणून नाव पक्कं झालं. ती पूड मोजून कागदाच्या पुड्या बांधायची, काकू उकळायच्या. वरच्या थराची पुडी दीड ग्रॅमची, लिटरला चार पुड्या. दोघींचं असं जमायचं की एकीनं हात पुढे केला की दुसरीनं पुडी ठेवलेली असे. काटेवाली बोलायची आणि काकू हसायच्या, असा संसार.

त्या महिन्यात फिल्टर संपले होते, नवे यायचे होते. तेव्हाच्या मोठ्या सरांनी, तेही हेच चमकणारे जिवाणू पाळत, दूरवरून बोटीनं आणलेलं पाणी न गाळता, नुसतं निवळून वापरलं. काकूंनी वरच्या थराचं अगार केलं आणि तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. घरी जाऊन एप्रन काढला तर खिशात तीन पुड्या. झोपेच्या भरात त्यांनी लिटरला एकच पुडी टाकली होती.

सकाळी वर जाऊन बघतात तो सगळ्या प्लेटांचा वरचा थर निसटून झाकणात पडलेला. एका मोसमाचं पाणी वाया. मोठे सर जिना दणाणत खाली आले. अगार कोणी केलं? मी केलं, काकू म्हणाल्या, आणि त्यांची पाचावर धारण बसली. अंगावर पिणारं पोर, नोकरी चार वर्षांची. त्या म्हणाल्या, "पण मी चारही पुड्या टाकल्या होत्या." पुड्या चार, तरी अगार पातळ, म्हणजे पुड्या हलक्या. सगळ्यांचे डोळे वजनकाट्याकडे वळले. काटेवालीनं काकूंकडे एकदा पाहिलं. बोलली मात्र नाही, आणि तिचं न बोलणं हीच त्या सकाळची सगळ्यात भयंकर गोष्ट होती.

सहा प्लेटा वरच्या कपाटात मावल्या नव्हत्या. त्या खाली कोठीत, फळीवर, सरळच ठेवलेल्या राहिल्या होत्या. दुपारी काकू एकट्या आत गेल्या, दार लोटलं, आणि बघतात तर सहाही प्लेटा निळ्या उजळलेल्या, आणि त्या उजेडात बारीक बारीक काळी भोकं. सुईनं टोचल्यासारखी. काकू बघत राहिल्या. असं काही त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं, आणि ते सुंदर होतं, हे त्यांना तेव्हाही कळलं. पण चोराच्या मनात चांदणं. ही जेली कोणी मोजून पाहिली तर एका पुडीची आहे हे उघड होईल. त्यांनी सहाही प्लेटा वाफेच्या हंड्यात घातल्या, उकळल्या, धुतल्या आणि जाळीवर पालथ्या घातल्या. नंतर बाळाला ताप आला, काकू पाच दिवस रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा खुंटीवर काटेवालीचा एप्रन नव्हता. तिला काढलं, एवढंच शिपाई म्हणाला.

काटेवालीनं पुढे गावातच खिळे, बिजागऱ्या, कड्या-कुलपांचं दुकान टाकलं. ते दुकान काकूंच्या घराच्या वाटेवर होतं. तीस वर्षं काकू त्या ठिकाणी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालत आल्या.

तर आता काकूंपुढे हे असं होतं. दीड ग्रॅम सांगावं, तर छकुली विचारणार, तुला कसं माहीत. आणि मग ती सकाळ आपल्याच लेकीपुढे उलगडून ठेवावी लागणार. जिच्यासाठी खोटं बोलले तिलाच ते खोटं दाखवायचं. न सांगावं, तर पोरीच्या तीन वर्षांवर पाणी. काकूंनी आठ दिवस काढले. तेवढ्या दिवसांत त्या दोनदा मीठ विसरल्या आणि एकदा नवऱ्याला, तो घरात नसताना, त्यांनी चहा नेऊन दिला.

नवव्या दिवशी त्यांना सुचलं. पूर्वी चुकून झालं होतं, तर आता पुन्हा चुकून होऊ दे की. न सांगता करायचं. ठिपके आले तर आले, आणि विचारलं तर म्हातारीचा हात चुकला म्हणायचं. त्यांनी लिटरभर पाण्यात एकच पुडी टाकली, बाटलीवर नेहमीसारखी चिठ्ठी डकवली आणि वर पाठवली. मनात म्हणाल्या, साप मेला आणि काठीही तुटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी छकुली खाली आली ती हातात ट्रे घेऊन, त्यावर कापड झाकलेलं. दार आतून लावलं. कापड काढलं तर प्लेटांचे वरचे थर झाकणात घरंगळून पडलेले, जसेच्या तसे, तीस वर्षांपूर्वीचे. तिनं रीतीप्रमाणे प्लेटा पालथ्या घातल्या होत्या. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

काकूंना वाटलं, आता ओरडेल. हाती दोनच दिवस उरलेले. पण छकुली ओरडली नाही. तिनं ट्रे हळूच ओट्यावर ठेवला आणि आईच्या पाठीवर हात ठेवला. "मी कोणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "विचारलं तर सांगेन, माझंच माप चुकलं. चौतीस वर्षांत एकदा चुकलीस गं आई. होतं असं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ओरडली असती तर सोसलं असतं. ही पोरगी आपल्यासाठी खोटं बोलायला निघाली होती, तेही किती सहज, जसं काही घरात चालत आलेलंच आहे. ते काही काकूंना सोसेना.

"छकुले," त्या म्हणाल्या, "हे चुकून नाही झालं. दीड ग्रॅम आहे त्यात, मी मुद्दाम टाकलंय. चुकून टाकलं होतं ते तीस वर्षांपूर्वी."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. तीन पुड्या, सरांचा जिना, काटा, कोठीतल्या सहा प्लेटा, धुतलेल्या. सांगताना त्या लेकीकडे बघत नव्हत्या, वाफेकडे बघत होत्या, आणि सांगून झाल्यावर स्टुलावर बसल्या. छकुलीनं दोनच गोष्टी विचारल्या. बाटलीत अगार उरलंय का? आणि त्या सहा प्लेटा सरळ ठेवलेल्या होत्या का? दोन्हींचं उत्तर हो होतं.

या खेपेला प्लेटा दोघींनी मिळून केल्या. ओतताना हात हलू द्यायचा नव्हता, उचलताना श्वाससुद्धा जपून. थर असा नाजूक की पलीकडे कोणी दार आपटलं तरी शहारायचा. पालथ्या न घालता, सरळ, एकेक करून त्या कोठीतल्या फळीवर ठेवल्या. छकुली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकदाही कोठीत शिरली नाही. तिची छातीच होत नव्हती. शेवटी काकूच म्हणाल्या, चल.

दार लावलं. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग डोळे सरावले आणि फळीवर निळ्या चंद्रांची रांग हळूहळू उगवली. छकुलीनं पहिली प्लेट दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांशी नेली. उजेडात सतरा काळी भोकं होती. सुईनं टोचल्यासारखी. काकूंनी ती मोजली नाहीत, त्यांना नुसतं बघून कळलं. अंधारात मायलेकी एकमेकींना दिसत नव्हत्या, पण छकुली रडत होती आणि हसतही होती, आणि काकूंना इतका आनंद झाला होता की त्याची भीती वाटत होती. त्या निळ्या उजेडात किती वेळ गेला कोणास ठाऊक. बाहेर आल्या तेव्हा चहावाला परत निघाला होता.

पुढचं वरच्या मजल्यांवर झालं. एका भोकातला थेंब मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि चित्र पडद्यावर आलं. छकुलीनं खाली येऊन आईला ते असं समजावलं की नेहमीचा विषाणू वाटाण्याएवढा धरला, तर हा लिंबाएवढा, आणि ज्या जिवाणूला तो मारतो तो भोपळ्याएवढा. लिंबाला खाली लांब शेपूट. विभागप्रमुखांनी चष्मा पुसून तीनदा पाहिलं म्हणे, आणि साबणाबद्दल काही बोलले नाहीत. जगभर लोक फिल्टरवर राहिलेला गाळ टाकून देत होते, आणि त्या गाळातच हे बसलेले होते.

अहवाल लिहायला घेतला तेव्हा छकुली पुन्हा बादलीवर येऊन बसली. लिटरला दीड ग्रॅम, प्लेटा सरळ ठेवणे, ही कृती कोणाच्या नावे लिहू, असं तिनं विचारलं. आईच्या नावे लिहायची तिची तयारी होती. काकू म्हणाल्या, थांब, मला आधी एक काम आहे. त्यांनी एप्रन काढला, भरदुपारी संस्थेच्या बाहेर पडल्या आणि त्या ठिकाणी आल्यावर रस्ता ओलांडला नाही.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काटेवालीचे केस सगळे पांढरे झाले होते. ती खिळे वजन करून कागदाच्या पुड्या बांधत होती, तशाच, चार घड्यांच्या. तिनं वर पाहिलं, ओळखलं, आणि पुडी बांधायची थांबली नाही. काकूंनी येताना वाटेत बरंच काही जुळवलं होतं. ते सगळं कुठे गेलं कोणास ठाऊक.

"चार नाही, एकच पुडी टाकली होती मी," त्या म्हणाल्या.

"ते मला त्याच सकाळी कळलं होतं," काटेवाली म्हणाली. "माझा काटा मला माहीत होता."

मग बोलली का नाहीस, असं काकूंनी विचारलं. काटेवाली म्हणाली, तुझ्या अंगावर पिणारं पोर होतं, मला काय, चार शब्द ऐकून घेतले असते आणि संपलं असतं. संपलंच होतं. पातळ अगारासाठी माणूस काढतात होय? तिनं खिळ्यांचा डबा बाजूला सारला. तिला काढलं ते वेगळ्याच गोष्टीवरून, आणि ती गोष्ट काकूंना तीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. त्या सकाळी, काकूंच्या आधी, काटेवाली कोठीत गेली होती. सहा प्लेटांमधली भोकं तिनं पाहिली होती. सरांचा राग निवळल्यावर, संध्याकाळी, ती वर जाऊन म्हणाली, साहेब, खाली या, यात काहीतरी आहे, हे जिवाणूंना खातंय. सर आले नाहीत. ती तिथेच उभी राहिली. शेवटी वैतागून आले, बरोबर चार माणसं घेऊन, आणि कोठीचं दार उघडलं तर फळी रिकामी. बाहेर जाळीवर सहा प्लेटा धुऊन पालथ्या घातलेल्या. सगळे हसले. ती तरीही ऐकेना. दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर गेली. तेव्हा ते म्हणाले, आधी वजनं चुकवते आणि आता थापा मारते, हिला काढा.

काकू समजत होत्या की आपण त्या एका खोट्याचं ओझं घेऊन आलो आहोत. ते खोटं तर या बाईनं कधीच माफ करून टाकलं होतं. घात केला होता त्या धुण्यानं.

"प्लेटा तू धुतल्यास, हे मला नंतर कळलं," काटेवाली म्हणाली. "तू घाबरून धुतल्यास, तेही कळलं. मला एकच सांग. धुण्याआधी तू पाहिलं होतंस का काही त्यात?"

नाही म्हणायला जागा होती. नाही, मी न बघताच धुतल्या, एवढं म्हटलं असतं तर तीस वर्षांपूर्वीची मैत्रीण बहुतेक परत मिळाली असती. काकूंना ती वाट स्पष्ट दिसली.

"पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "काळी भोकं होती. प्रत्येकीत. खूप सुंदर दिसत होती."

काटेवालीच्या हातातला खिळा काट्याच्या पारड्यात पडला. तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती लहान मुलीसारखी रडू लागली, कोणी बघेल याची पर्वा न करता. रडता रडताच ती म्हणाली,

"मला वाटायचं मला भास झाला होता गं. पुढे पुढे मीच स्वतःला म्हणायला लागले, की नसेलच काही. तीस वर्षं मी स्वतःलाच थापाडी समजत आले."

काकूंनी तिला सांगितलं की छकुलीला ते सापडलंय, फळीवर प्लेटा आहेत, आत्ता चल, दाखवते. सांगितलं की अहवालात पहिल्यांदा पाहणारी म्हणून तिचंच नाव जाईल, आणि धुणारी म्हणून हवं तर माझं जाऊ दे. काटेवालीनं डोळे पुसले, नाक पुसलं, पारड्यातला खिळा उचलून डब्यात टाकला.

"उद्या येते बघायला," ती म्हणाली. "आज नको. आज तू जा. आज मला तुझ्यावर मनसोक्त रागावून बसू दे. इतकी वर्षं कोणावर रागवायचं तेच मला कळत नव्हतं."

काकू निघाल्या.